गमऱ्यांनी वाचवलेला स्वयंपाकी

कोंडीराम सीताराम गमरे यांचे शिक्षण दोन ठिकाणी झाले. चौथीपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत आणि त्यापुढचे दादरच्या एका लिफ्टमध्ये.

ते त्या लिफ्टचे लिफ्टमन होते. इमारत पाच मजली. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शास्त्रशिक्षक राहत. त्यांना सगळे तात्या म्हणत. तळापासून पाचव्या मजल्यापर्यंत लिफ्टला चाळीस सेकंद लागत. गमरे लोखंडी जाळी ओढता ओढता प्रश्न टाकत आणि तात्या उत्तर देत. उत्तर पुरे झाले नसेल तर तात्या जाळी उघडू देत नसत. दोघे पुन्हा खाली येत, आणि तिसऱ्या मजल्यावर घंटीवर बोट ठेवून उभ्या असलेल्या बाईंच्या समोरून लिफ्ट दोनदा निघून जाई. त्या बाईंनी मालकाकडे तक्रार केली होती. गुरुत्वाकर्षण समजायला गमऱ्यांना बारा फेऱ्या लागल्या.

पडताळून पाहिल्याशिवाय ते काही मान्य करत नसत. चोरबाजारातून त्यांनी स्प्रिंगचा एक काटा आणला, तो लिफ्टच्या छताच्या आकड्याला टांगला आणि त्याला पाच शेर तांदळाची पिशवी लावली. लिफ्ट वर निघाली की काटा क्षणभर सव्वापाचावर जाई. एकदा वेग धरला की पुन्हा पाचावर, जणू लिफ्ट जागची हललीच नाही. खाली निघताना पावणेपाच. यावरून त्यांनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. एक, माणसाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. दोन, दोर तुटला तर काटा शून्यावर येईल. दुसरी गोष्ट करून पाहायला मालकाने परवानगी दिली नाही.

गमरे नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. तिथे त्यांना लिफ्टमन म्हणून कुणी ओळखत नसे. तिथे ते वाचणारे होते. तळमजल्यावरच्या एका खोलीत चाळीने वाचनालय काढले होते. त्यात एक कपाट, दोन बाकडी, एक स्टूल आणि रोजचा पेपर. ऐकणारे बहुतेक गिरणीतले. काहींना अक्षरओळख होती, पण जोडाक्षर आले की थांबणारी. म्हणून रोज साडेपाचला, पहिली पाळी घरी आली की, गमरे दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत स्टूल टाकून पेपर मोठ्याने वाचत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रोज कुणाची तरी सभा, कुणाची तरी अटक, दिल्लीहून रोज नवे काही. ते सगळे चाळीला गमऱ्यांच्या तोंडून कळे. चाळीत एखाद्या गोष्टीवरून भांडण लागले तर ‘गमऱ्यांनी वाचलं’ एवढे म्हटले की ते मिटे. लोकांची पत्रे, गिरणीच्या नोटिसा, कोर्टाचे समन्स, सगळे वाचायला त्यांच्याकडेच येई. समोर कागद धरून त्यातले एक अक्षर इकडचे तिकडे न करणारा माणूस, एवढीच त्यांची मिळकत होती, आणि ती ते जपून होते.

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने उपग्रह सोडला आणि मराठी लेखकांना आकाश मोकळे झाले. गिरगावातून निघणाऱ्या एका साप्ताहिकात फेब्रुवारीपासून हेरंब गोठोस्कर यांची चंद्रावर जाणाऱ्या ‘गगननौके’ची कादंबरी क्रमशः येऊ लागली. गोठोस्कर खोताच्या वाडीच्या मागे एका चाळीत राहत आणि दिवसा विमा कंपनीत कारकुनी करत. गमऱ्यांनी ती कादंबरी दर रविवारी सकाळी वाचायला घेतली. पहिल्या दोन प्रकरणांना चाळीस-पन्नास माणसे बसली. सगळ्यात पुढे कमळाबाई. गिरणीत काम करून तीन मुले वाढवलेल्या बाई. गोष्ट नीट ऐकू यावी म्हणून रविवारचे कपडे शनिवारीच धुऊन टाकत.

तिसऱ्या प्रकरणात गगननौकेचा नकाशा छापून आला आणि गमऱ्यांची झोप उडाली.

गोठोस्करांनी नौका म्हणून आपली चाळच आडवी आकाशात पाठवली होती. तीनशे फूट लांब गॅलरी, एका बाजूला ओळीने बारा खोल्या, पुढच्या टोकाला कप्तानाची खोली, मागच्या टोकाला नळ आणि संडास, त्याच्यामागे इंजिन. गमऱ्यांनी तो नकाशा दुसऱ्या दिवशी तात्यांसमोर धरला.

“तात्या, इंजिन मागून रेटणार. म्हणजे वजन कुठे पडणार?”

“मागे.”

“मग गॅलरी म्हणजे विहीर झाली.”

“तीनशे फूट खोल,” तात्या म्हणाले. “नौका सुटल्याबरोबर कप्तान, त्याची भाची, सगळे शास्त्रज्ञ थेट संडासात. चौथं प्रकरण तिथूनच लिहावं लागेल.” पाचवा मजला आला. तात्या उतरले.

गमऱ्यांनी आधी सरळ मार्ग धरला. साप्ताहिकाच्या पत्त्यावर गोठोस्करांना पोस्टकार्ड टाकले: नौका उभी करावी, खोल्या एकावर एक रचाव्यात, इंजिनाकडची बाजू ती जमीन समजावी. उत्तर आले नाही. दुसरे कार्ड टाकले. त्यालाही नाही. रविवार आला. समोर माणसे बसली होती. गमऱ्यांनी साप्ताहिक उघडले, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा छापलेले सोडून दुसरेच वाचले. नौका त्यांनी उभी केली.

कुणाला काही कळले नाही. फक्त कमळाबाई म्हणाल्या, “एकावर एक खोल्या? मग शेजारीण कुठे?”

“वरच्या मजल्यावर,” गमरे म्हणाले.

“म्हणजे मीठ मागायला शिडी चढायची? कसली मेली नौका.”

त्यानंतर थांबता आले नाही, कारण गोठोस्करही थांबत नव्हते. छापील नौकेचे इंजिन तीन दिवस अखंड घरघरत होते. गमऱ्यांनी ते दहा मिनिटांत बंद केले. नौका आपली जातच राहिली. यावर कुशाबा मोरे, म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, गिरणीत कापडाच्या साच्यावर तीस वर्षे उभा राहिलेला माणूस, म्हणाले, “इंजिन बंद आणि गाडी चालू? असं कुठे असतं?”

“वाटेत हवाच नाही, कुशाबा. अडवणार कोण?”

“सरकार,” कुशाबा म्हणाले. लोक हसले, आणि मुद्दा मान्य झाला.

इंजिन बंद झाले म्हणून नौकेतल्या वस्तू तरंगू लागल्या. तो रविवार चाळीला फार आवडला. भात पातेल्यात राहणार नाही, चहा कपातून सुटून गोळ्यासारखा हवेत फिरेल, हे ऐकून बायकांनी गमऱ्यांना तासभर उठू दिले नाही. तान्हे मूल असेल तर काय, हा कमळाबाईंचा प्रश्न गमऱ्यांनी तात्यांना विचारायचे कबूल केले. तात्या पाचव्या मजल्यापर्यंत नुसतेच हसत गेले.

चौदाव्या प्रकरणात मात्र गोठोस्करांनी माणूस मारला.

नौकेवर रामू नावाचा म्हातारा स्वयंपाकी होता. दोन तृतीयांश वाट संपल्यावर इंधन संपले. छापील नौका चढावर थांबलेल्या बससारखी थांबली आणि मागे घसरून पृथ्वीकडे पडू लागली. वजन कमी करायला हवे होते. आधी ट्रंका गेल्या, मग ग्रंथ गेले. शेवटी रामूने नौकेचे कप्तान असलेल्या कर्नलसाहेबांच्या पायांवर डोके ठेवले, ‘या म्हाताऱ्याचं ओझं कशाला’ असे म्हणाला आणि दार उघडून बाहेर उडी टाकली. मृणालिनी, म्हणजे कर्नलची भाची, बेशुद्ध पडली. नौका चंद्राकडे निघाली.

गमऱ्यांनी ते प्रकरण लिफ्टमध्ये बसून तीन वेळा वाचले. त्यांचा राग शास्त्रीय होता, असे ते शेवटपर्यंत सांगत. नौका अशी थांबत नाही. समजा पृथ्वीकडे पडू लागलीच, तरी हलकी वस्तू आणि जड वस्तू सारखीच पडते; रामू कमी झाल्याने काही फरक पडत नाही. माणूस फुकट गेला. वजन कमी करायला नेमका स्वयंपाकीच का निवडला, हा प्रश्न शास्त्रीय नव्हता, म्हणून तो त्यांनी तात्यांना विचारला नाही.

रविवारी रामू जिवंत राहिला. इंधन संपले, नौका चालतच राहिली, रामूने पिठले केले.

गमऱ्यांना हे महागात पडणार होते. लेखक मेलेल्या माणसाला परत बोलावत नाही. पुढची सगळी प्रकरणे रामूशिवाय येत होती आणि रामूसाठी काम दर रविवारी गमऱ्यांनाच शोधावे लागत होते. छापील नौका चंद्राजवळ पोचली तेव्हा कर्नलने ब्रेक दाबला. गमऱ्यांनी नौका उलटी फिरवली आणि शेपटीकडून उतरवली. हे लोकांना पटेना तेव्हा त्यांनी विचारले, “माळ्यावरून शिडीने उतरता ते कसे उतरता? तोंड पुढे करून?” सगळ्यांना पटले, आणि ही अक्कल नौकेवर कुणी सांगितली, तर रामूने. चंद्रावरच्या एका कड्याला कर्नलने रामूच्या स्मरणार्थ त्याचे नाव दिले, असे छापून आले. गमऱ्यांच्या वाचनात रामूने ते स्वतःच कोरून घेतले. पावसाळा संपेपर्यंत रामू हा नौकेवरचा सगळ्यात शहाणा माणूस झाला होता. चाळ त्याच्यासाठी बायको शोधत होती.

आपण काय करतो आहोत हे गमऱ्यांना माहीत होते. एकदा त्यांनी तात्यांना सगळे सांगून टाकले. तात्या म्हणाले, “चूक दुरुस्त करणं हे मास्तराचं काम आहे, कोंडीराम. ती दुरुस्ती लपवणं हे कुणाचं काम, ते तू बघ.” आणि उतरून गेले. त्या दिवशी ते खाली परत आले नाहीत.

ऑक्टोबरात वाचनालयाचा वाढदिवस आला. पाहुणा म्हणून गगननौकेच्या लेखकाला बोलवायचे, असे कुशाबांनी ठरवले. पत्र लिहायचे काम अर्थातच गमऱ्यांकडे आले. ते त्यांनी तीन आठवडे लिहिले नाही. आधी शाई संपली, मग पत्ता सापडेना. शेवटी कुशाबांनी कमळाबाईंची सून ललिता हिच्याकडून ते लिहून घेतले. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत असे. चौथ्या दिवशी गोठोस्करांचे आनंदाने होकार देणारे उत्तर आले. ते सगळ्यांना वाचून दाखवायचे काम गमऱ्यांचेच. 

गोठोस्कर आले. पस्तिशीचे, किडकिडीत, कोटाच्या खिशात दोन पेने. कमळाबाईंनी ‘चहा घेणार ना?’ असे विचारताना त्यांच्याकडे निरखून पाहिले. त्यांनी दोन कप घेतले. समोर दीडशे माणसे बसली होती, आणि गिरगावात आपल्या शेजाऱ्यालाही माहीत नसलेली कादंबरी इथे बायकांना पाठ आहे हे पाहून गोठोस्कर फुलले होते. हार झाले. कुशाबांनी लोकांना प्रश्न विचारायला सांगितले. गमरे स्टुलावर, मान खाली.

कमळाबाई उठल्या. “सगळं चांगलं लिहिलंय तुम्ही. पण रामूचं लग्न कधी लावताय?”

गोठोस्कर हसले. मग थांबले. “कोणाचं?”

“रामूचं. तुमच्या स्वयंपाक्याचं.”

“अहो, रामू तर मेला.”

“कधी?” कमळाबाईंनी असे विचारले की जणू तार यायची राहिली होती.

“चौदाव्या प्रकरणात. मे महिन्यात.”

“मग गेल्या रविवारी हवा गळणारी भेग कणीक लावून कुणी बुजवली?”

गोठोस्करांनी कुशाबांकडे पाहिले. कुशाबांनी गमऱ्यांकडे. ललिताने कपाटातून मे महिन्याचा अंक काढला, पान उघडले आणि वाचले. रामूने डोके ठेवले, दार उघडले, उडी टाकली.  मागच्या बाजूला एक बाई खरेच रडू लागली.

“गमरे,” कुशाबा म्हणाले. एरवी ते कोंडीराम म्हणत. “हे तू घरचं घालून वाचत होतास?”

गमरे उभे राहिले. “हो.”

“का?”

“साहेबांनी त्याला विनाकारण मारला म्हणून.” आणि गमऱ्यांनी तिथेच, पाहुण्यांच्या समोर, थांबलेली बस आणि न थांबणारी नौका, काटा आणि तांदूळ, सगळे सांगितले. गोठोस्कर आधी चिडले. मग एकदम म्हणाले, “म्हणजे ती पोस्टकार्डं तुमची! मला वाटलं दुसऱ्या मासिकवाल्यांनी कुणाला तरी मागे लावलंय.” मग थोडा विचार करून त्यांनी शास्त्रातूनच वार केला. “बरं, रामूने मागच्या दिशेला उडी मारली, तर त्याच्या धक्क्याने नौका पुढे जाईल की नाही? बंदुकीसारखी?”

 मुद्दा खरा होता. “जाईल,” गमरे म्हणाले. “थोडी. पण तेवढ्यासाठी पाण्याचं पिंप फेकलं तरी चालतं.”

“पाणी संपलेलं होतं.”

“मग कर्नलला फेका,” मागून कुणीतरी ओरडले. “तो जाडा आहे!”

हशा झाला. कुशाबा मात्र हसले नाहीत. “नौकेचं राहू दे,” ते म्हणाले. “पेपर पण तूच वाचतोस. छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला, ती यादी तू वाचलीस. त्यात पण काही उभं-आडवं केलंस का?”

हा प्रश्न येणार हे गमऱ्यांना माहीत होते. नौका उभी केली त्या रविवारपासून ते त्याचीच वाट पाहत होते.

“नाही. एक अक्षर नाही.”

“ते आम्ही कसं मानायचं?”

 गमरे शपथ घेऊ का म्हणाले, तर कुशाबा म्हणाले, शपथेला तोंडच लागतं ना? तेवढ्यात कमळाबाई ललिताला म्हणाल्या, “त्या दिवसाचा पेपर काढ.” वाचनालयाने पेपर जपून ठेवले होते. ललिताने तो काढला. कमळाबाईंनी डोळे मिटले आणि जखमींची नावे म्हणायला सुरुवात केली; नाव, वय, पत्ता. ललिता बोटाने ओळ धरून होती. सतरा नावे. सतराही जुळली, त्याच क्रमाने. कमळाबाईंचा भाचा त्या संध्याकाळी घरी आला नव्हता, आणि गमरे यादी वाचत असताना त्या एकाच नावाची वाट पाहत बसल्या होत्या; म्हणून बाकीची सतरा त्यांना पाठ झाली होती. भाचा दोन दिवसांनी माहीमहून आला.

“पेपर खरा वाचलाय,” कमळाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. “रामूचं मात्र मला वाईट वाटलं.”

कुशाबांनी निवाडा तिथल्या तिथे दिला. वाचन गमऱ्यांकडेच राहील. पण छापलेले जे असेल ते स्टुलावर बसून वाचायचे. स्वतःचे काही सांगायचे असेल तर उठून उभे राहायचे, सांगून झाले की पुन्हा बसायचे. “म्हणजे लांबच्यालाही दिसेल,” ते म्हणाले, “कोण बोलतंय ते.”

त्यामुळे पुढचे रविवार गमऱ्यांच्या गुडघ्यांना जड गेले. कादंबरीच्या शेवटच्या आधीच्या प्रकरणात शत्रूची नौका फुटून कानठळ्या बसवणारा आवाज झाला, मृणालिनीचा पदर वाऱ्यावर उडाला आणि कर्नलने चंद्रावर शेकोटी पेटवली. त्या एका प्रकरणात गमरे एकोणीस वेळा उठले. लोकांना हे जुन्या वाचनापेक्षा आवडू लागले. ते उठायच्या आधीच पोरीबाळी ओरडत, “हवा नाही! आवाज कसला?” गोठोस्कर त्या काळात दोनदा दादरला लिफ्टमध्ये काटा बघून गेले. दुसऱ्या वेळी अकरा फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नवी तक्रार केली.

पुढच्या वर्षी कादंबरीचे पुस्तक निघाले. त्यात नौका उभी होती, इंजिन दहा मिनिटांत बंद होत होते आणि नौका चंद्रावर पाठमोरी उतरत होती. आभार कुणाचे मानले नव्हते. रामू याही वेळी मेला. त्याच्या मरणावर सदतीस वाचकांनी पत्रे पाठवली होती आणि गोठोस्कर ती सोडायला तयार नव्हते. मात्र आता तो तापाने गेला. गमऱ्यांनी ते पान चाळीसमोर वाचले तेव्हा सगळे त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होते. गमरे बसून राहिले. ताप कुणालाही येऊ शकतो.

१९५९ सरत आले तेव्हा एका संध्याकाळी दोन चाळींमधली जागा साडेपाचच्या आधीच भरली. दिल्लीहून काहीतरी आले आहे, असे दुपारपासून कानावर होते. असे याआधी चार-पाचदा कानावर आले होते, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी वेगळेच निघाले होते. माणसे जिन्यांवर उभी होती, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून वाकली होती. गमऱ्यांनी पेपर उघडला आणि वाचले. द्विभाषिक राज्य मोडणार. महाराष्ट्राचे वेगळे राज्य होणार. मुंबईसह.

कुणी ओरडले नाही. एवढी माणसे असून नळाचे पाणी ऐकू येत होते.

मग तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, “कुशाबा! गमरे बसलाय का उभा आहे?”

कुशाबांनी वळून पाहिले. “बसलाय.”

“नीट बघून सांगा!”

“अरे, बूड स्टुलावर आहे. मी बघतोय ना!”

त्यानंतर जो आवाज झाला त्यात पुढचे काही ऐकू येणे शक्य नव्हते. कुणीतरी घमेले बडवत होते, कुशाबांची टोपी हरवली. बातमीचे अजून दोन परिच्छेद बाकी होते. सीमाभाग, डांग, पैशांची वाटणी. गमऱ्यांनी ते दोन्ही शेवटपर्यंत, बसूनच वाचले.